आठ थेंब आणि पाच मिनिटं

"बोलू नको आता, मी मोजतोय," दस्तगीर म्हणाला.

स्वयंपाकघराच्या ओट्यावर वाकून तो बोटभर लांबीच्या काचेच्या नळीत थेंब टाकत होता. बाटली अगदी उभी धरलेली, जीभ दातांत. पाच, सहा, सात, आठ. मग दुसरी बाटली, तिचेही आठ. नळीला बूच लावून त्यानं ती हलवली, खिडकीच्या कठड्यावर टेकवून ठेवली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

"पाच मिनिटं. मग तुझं काम."

जानेवारीतला रविवार होता. ओट्यावर बशीत एक भिजवलेली कागदी पट्टी पडली होती, आणि स्टीलच्या पेल्यात पेनाएवढं एक मीटर उभं होतं. नळी, पट्टी, मीटर, तिन्हींसाठी पाणी एकाच टाकीतलं. पट्ट्यांचा डबा त्यानं पुण्याहून कुरियरनं मागवला होता, थेंबांच्या बाटल्या कोल्हापूरच्या मासेवाल्याकडून आणल्या होत्या, मीटर सौदीतल्या मेहुण्यानं पाठवलं होतं. तिघांतलं खरं कोण बोलतं ते ठरवायला त्यानं मला बोलावलं होतं.

"मीटर काय म्हणतंय?" मी विचारलं.

"सात पॉइंट चार. पण त्याला आंबट-खारट तेवढंच कळतंय. अमोनिया त्याच्या गावीच न्हाई."

"आणि पट्टी?"

"पट्टी म्हणती शून्य. ही फिकट हाय आन् डब्यावरचा शून्याचा चौकोनपण फिकट हाय. एवढं मलापण दिसतं."

ही सगळी धडपड पिल्लांसाठी चालली होती. बाहेरच्या खोलीतल्या टाकीत त्याच्या डिस्कसच्या जोडीनं पहिल्यांदाच पिल्लं दिली होती. डिस्कस म्हणजे ताटलीसारखा गोल, चपटा मासा. भारी नखरेल जात. पिल्लं सुरुवातीला आईबापांच्या अंगावरचा चिकट थर खाऊन जगतात, त्यामुळे दिवसभर त्यांना लगडून असतात. दस्तगीरची पिल्लं बारा दिवसांची झाली होती आणि शंभराच्या वर होती. आता त्यानं वरचं खाणं सुरू केलं होतं. खाणं वाढलं की घाण वाढते, घाणीतून अमोनिया सुटतो आणि एवढ्याशा जिवांना तो मारतो. अमोनिया असेल तर त्याच दिवशी निम्मं पाणी बदलायला हवं होतं. नसेल तर टाकीला हातही लावायचा नव्हता, कारण पाणी बदलताना जोडी बिथरली तर आपलीच पिल्लं गिळून टाकते. नळीतलं पाणी पिवळं राहिलं तर शून्य, हिरवट झालं तर अमोनिया. सगळं त्या रंगावर होतं, आणि नेमका तोच रंग दस्तगीरला दिसत नव्हता.

ही गोष्ट मला एकट्यालाच माहीत होती. दस्तगीर मुजावर इचलकरंजीतल्या एका कारखान्यात जॉबर होता. म्हणजे बिघडलेले माग सरळ करणारा माणूस. माग त्याच्या हाताला मऊ यायचा. पण एकदा त्यानं तपकिरीच्या जागी हिरव्या सुताचा कोन लावला आणि निम्मा तागा वाया घालवला. मालकाला त्यानं घाईचं निमित्त सांगितलं. संध्याकाळी चहाच्या गाड्यावर मला म्हणाला, "मास्तर, मला हिरवं-तपकिरी एकच दिसतंय. पिवळं-पोपटीपण. कुणाला बोलू नको, पोटावर पाय येईल."

मी कुणाला बोललो नाही. मला सगळे मास्तर म्हणायचे, कारण मी प्रोसेस हाउसमध्ये रंगमास्तर होतो. गिऱ्हाईक कापडाचा तुकडा आणून टाकायचं, आणि तोच रंग मी हजार मीटरवर उतरवून द्यायचो. "निळा जरा जास्त झालाय," एवढं मी नुसत्या नजरेनं सांगायचो. लॅबमधलं मशीन माझ्यानंतर तेच सांगायचं. त्या नजरेचा मला माज होता, हे लपवण्यात अर्थ नाही.

आता माशांचं सांगतो. दस्तगीरला हा नाद मी लावला. टाकी कशी बसवायची, वाळू कशी धुवायची, मासा आजारी आहे हे कशावरून ओळखायचं, सगळं माझ्याकडून शिकला. त्या रविवारच्या दोन वर्षं आधी आम्ही दोघं कोल्हापूरला मासेवाल्या शिरगुप्प्यांच्या दुकानात गेलो आणि सहा डिस्कस आणले, निम्मे-निम्मे. निवडण्याचा मान माझा होता. मी धष्टपुष्ट, चकचकीत तीन उचलले. उरलेले तीन, त्यातला एक तर जरा वाकडाच, दस्तगीरनं "हे पण झ्याक हाईत" म्हणून घेतले.

माझे तीन खाऊन-पिऊन मस्त सुस्तावले. त्याच्या तीन माशांतल्या दोघांची जोडी जमली, आणि त्यांतला नर तो वाकडाच निघाला.

अंडी दिसली त्या दिवशी त्यानं फोन करून मला कारखान्यातून बोलावून नेलं होतं. टाकीसमोर उकिडवा बसून लहान मुलासारखा हसत होता. मीही हसलो, पाठ थोपटली, आणि घरी येऊन माझ्या चार फुटी टाकीपुढे बसलो. जेवायलाही उठलो नाही. बायको, माणिक, म्हणाली, "दस्तगीरभाऊंच्या घरी आनंद झाला, तर तुमचं तोंड का एवढंसं?" मी तिच्यावर खेकसलो. मला तोवर वाटायचं, जळणारी माणसं वेगळी असतात.

तर त्या रविवारी पाच मिनिटं मोजत आम्ही ओट्याशी उभे होतो. दस्तगीरची बायको बाळंतपणासाठी मिरजेला माहेरी गेलेली. घरात तो आणि त्याची अम्मा, दोघंच. अम्माच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळे रंग बघायला तिचा उपयोग नव्हता. ती चाचपडत चहा घेऊन आली.

"घे मास्तर. साखर जास्त पडली आसंल, माझं माप आता हाताचं हाय."

"चांगला झालाय अम्मा."

"आमच्या घरात रोज तुझंच नाव. मास्तरनं शिकवलं, मास्तरनं सांगितलं. ह्याला बापानं शिकवलेलं काय ध्यानात न्हाई."

ती हसत बाहेर गेली. दस्तगीर पुन्हा घड्याळाकडे बघत होता. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "मास्तर, एक बोलू? रागवायचं न्हाई."

"बोल की."

"तुझं ते तीन मासं हिकडंच आणून सोड. मी लावून देतो जोडी. तुझ्याकडं नुसतं खाऊन पडल्यात बघ. पाण्याचाच काय तरी फरक आसंल. पिल्लं झाली की तुझी तुला."

तो अगदी प्रेमानं बोलला. टोमणा असता तर मी परत टोमणा मारला असता आणि विषय संपला असता. पण त्याला खरंच माझी कीव आली होती, आणि मी ज्याला वाळू धुवायला शिकवलं तो आता माझे मासे सुधारायला निघाला होता. माझे कान तापले. चहानं जीभ भाजली.

"झाली पाच मिनिटं," तो म्हणाला.

मी नळी उचलली. रंग कसा बघायचा ते माझ्या हाडात आहे. थेट उन्हात नाही, दिव्याखाली नाही, सावलीतल्या उजेडात, मागे पांढरा कागद धरून. मी खिडकीच्या कडेला सरकलो. शेजारी बाटल्यांसोबत आलेलं रंगांच्या चौकोनांचं कार्ड धरलं. दस्तगीर माझ्या तोंडाकडे बघत होता, नळीकडे नाही.

"काय हाय?"

"पिवळा," मी म्हणालो. "स्वच्छ पिवळा. शून्य."

"नक्की?"

"मी सांगतोय ना."

"बस्स! पट्टी शून्य, थेंबपण शून्य. दोन्ही जुळलं की लेका!" त्यानं माझ्या पाठीत एक धपका घातला आणि नळी मोरीत ओतून धुऊन टाकली. "म्हंजे पाण्याला हात लावायचा न्हाई."

नळीतला रंग पिवळा नव्हता. कोवळ्या पानासारखा हिरवा होता, कार्डावरच्या तिसऱ्या चौकोनाच्याही थोडा पुढे. माझ्या हाताखालच्या पोरालाही तो ओळखता आला असता.

आणि पट्ट्या खोट्या आहेत हे मला आदल्या दिवसापासून ठाऊक होतं. बुधवारी दस्तगीरनंच त्यांतल्या चार मला दिल्या होत्या, "तुझ्या लॅबमधे बघ खऱ्या हाईत का." शनिवारी मी बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी घेतलं, त्यात लॅबमधल्या अमोनियाचे मोजून थेंब टाकले आणि पट्टी बुडवली. शून्य. आणखी थेंब टाकले. शून्य. नाकाला झोंबेल एवढं टाकलं तरी पट्टी फिकटच. डब्यात ओल शिरली असावी. त्यानं तो डबा न्हाणीघराच्या फळीवर ठेवलेला मी पाहिला होता. पिल्लांच्या गडबडीत त्या चार पट्ट्यांचं विचारायचं त्याच्या ध्यानात राहिलं नव्हतं, पण रविवारी मी खरं म्हणजे हेच सांगायला आलो होतो, की पट्ट्या टाकून दे, थेंबांवर विश्वास ठेव. चहानं जीभ भाजली आणि ते सांगणं तसंच राहिलं.

मला पिल्लं मारायची नव्हती. आज एवढ्या वर्षांनी स्वतःची बाजू घ्यायची म्हणून हे म्हणत नाही. मला फक्त एक दिवस हवा होता. एक दिवस त्याला काळजी वाटावी, पिल्लं जरा मलूल व्हावीत, त्यानं धावत माझ्याकडे यावं, आणि मी पुन्हा नळी बघून म्हणावं, "बदल पाणी, वाचतील." मग तीच पिल्लं माझ्यामुळे वाचलेली झाली असती. घरी जाताना सायकलवर मी हेच रंगवत होतो, आणि मला बरंही वाटत होतं.

सोमवारी संध्याकाळी मात्र राहवेना. पाळी संपवून तडक त्याच्याकडे निघालो. काल उजेड बरोबर नव्हता, पुन्हा बघू, एवढंच म्हणायचं होतं. त्यात मानही गेला नसता. दारात गाडी उभी होती. आत कोल्हापूरचे शिरगुप्पे टाकीसमोर खुर्ची ओढून बसले होते.

"काय जोडी आहे हो, काय जोडी!" ते म्हणत होते. "आमच्याकडनं किती लोक नेतात, पण एवढी पिल्लं अंगावर घेऊन फिरणारी जोडी मी तरी पहिल्यांदा बघतोय. हाताला गुण लागतो, मुजावर."

"हे माझे गुरू," दस्तगीर मला पुढे ओढत म्हणाला. "ह्यांच्याकडनंच शिकलो सगळं."

शिरगुप्प्यांनी मान वळवली. सहा मासे आम्ही दोघांनी मिळून नेले होते, हे ते विसरले होते. "अस्सं? मग तुमच्याकडं किती पिल्लं झाली?"

"अजून नाही," मी म्हणालो.

"होतील, होतील. ह्यांना विचारा काय करतात ते," ते म्हणाले आणि पुन्हा टाकीकडे वळले.

दस्तगीर ओशाळला. त्याला ते लागलं, माझ्यासाठी लागलं. आणि नेमकं तेच मला सहन झालं नाही. अम्मा चहा ठेवते म्हणाली. मी काम आहे सांगून दोन मिनिटांत बाहेर पडलो. पुन्हा नळी बघू, हे वाक्य तसंच परत घेऊन आलो.

मंगळवारी गेलो नाही. बुधवारी दुपारी त्याचा फोन आला, तेव्हा मी रंगाच्या टाकीशी होतो. नाव बघितलं आणि वाजू दिला. नंतर करू म्हटलं. गुरुवारी सकाळी मनाशी ठरवलं, संध्याकाळी नक्की. गुरुवारी रंगाची एक शेड गिऱ्हाइकाकडून तीनदा परत आली आणि मी घरी पोचलो तेव्हा फार उशीर झाला होता. हे निमित्त मला मनापासून आवडलं.

शुक्रवारी सकाळी मी दाढी करत असताना माणिकनं फोन आणून दिला. पलीकडे दस्तगीर एवढंच म्हणाला, "मास्तर, ये जरा."

तो टाकीसमोर फरशीवर बसला होता. पुढ्यात प्लास्टिकचा मग. मगाच्या तळाशी पिल्लं, पांढरट, एकावर एक. जोडी टाकीच्या कोपऱ्यात अंग चोरून उभी होती. त्यांच्या अंगावर आता काही नव्हतं.

"एक न्हाई राहिलं," तो म्हणाला. "परवा जरा वर येऊन तोंडं मारत हुती. तुला फोन लावला. मग म्हटलं, पाणी तर बरोबर हाय, मास्तरनं बघितलंय. उगंच हात लावून जोडी बिथरवायला नको."

मी मगाकडे बघत राहिलो.

"मी लई विचार केला मास्तर. पट्टी म्हणती शून्य. तू थेंब बघितलेस, शून्य. दोन येगळ्या रीती, दोन्हीचं उत्तर एक. म्हंजे पाण्यात कायच नव्हतं. बरोबर?"

"दस्तगीर..." मी म्हणालो.

"थांब, ऐक. पाण्यात नव्हतं, म्हंजे हवेत हुतं. काल गुरुवार."

मला समजेना. त्यानं स्वयंपाकघराकडे मान केली आणि आवाज खाली आणला.

"अम्मा दर गुरुवारी दिवेलागणीला लोबान जाळती. सगळ्या घरात धूर फिरवती. काल थंडी हुती म्हणून खिडक्या लावलेल्या. मी कामावर. टाकीतला पंप खोलीतली हवाच आत मारतोय न्हवं? आख्खा धूर पाण्यात गेला." त्यानं कपाळ चोळलं. "मी लई बोललो तिला सकाळी. जन्मात आवाज चढवला नव्हता तिच्यावर. म्हटलं, चाळीस वर्षं जाळतीस, एक गुरुवार नसता जाळला तर काय घर पडलं असतं? मुलापेक्षा तुला धूर मोठा? असं बोललो बघ मी तिला."

हीच ती वेळ होती. खोलीत आम्ही दोघंच होतो. एक वाक्य पुरलं असतं. मी तोंड उघडलंही, आणि माझ्या डोळ्यांसमोर त्याचा चेहरा आला, हे ऐकल्यावर जसा होईल तसा. "पाणी दे जरा प्यायला," मी म्हणालो.

"आत हाय, घे."

अम्मा ओट्याखाली भिंतीला टेकून बसली होती. पदर डोक्यावरून पुढे ओढलेला. पावलं ओळखून म्हणाली, "मास्तर का?"

"हो अम्मा."

"हिकडं बस."

मी बसलो. तिनं चाचपडत माझं मनगट धरलं.

"तू रंगाच्या कारखान्यात हाईस. तुला वाफ, धूर, औषधं सगळं कळतंय. माझा पोरगा रागात बोलला आसंल. तू रागात न्हाईस. तू खरं सांग मला. माझ्या लोबानानं मेली का रं ती पिल्लं?"

बाहेर दस्तगीर मग उचलत होता, त्याचा आवाज आला. नाही म्हणालो असतो, तर तिनं पुढे विचारलं असतं, मग कशानं? आणि तो बाहेरून आत आला असता, आणि त्यानंही तेच विचारलं असतं. मला त्या प्रश्नापर्यंत जायचं नव्हतं.

"खिडक्या बंद होत्या का अम्मा?" मी विचारलं. डॉक्टरनं विचारावं तसं विचारलं.

"हुत्या की. थंडी हुती."

"मग होऊ शकतं."

तिनं माझं मनगट सोडलं.  मग हात टेकत उठली, फळीवरून लोबानाची मातीची धुपाटणी काढली, मोरीपाशी बसली आणि नळ सोडला. आतली राख धुतली. मग बाहेरची काजळी घासायला लागली, नारळाच्या शेंडीनं, दोन्ही हातांनी. दिसत नव्हतंच, बोटांनी चाचपून कुठं काळं राहिलंय ते बघत होती. मी तिथेच उभा होतो. पाणी प्यायचं राहून गेलं.

"दस्तगीर," तिनं तिथूनच हाक मारली. "बाबा, माझंच चुकलं. मास्तरपण तेच म्हणला. आजपासनं ह्या घरात धूर बंद."

दस्तगीर दारात आला. धुपाटणीकडे बघितलं, तिच्या ओल्या हातांकडे बघितलं, मग माझ्याकडे.  मी चपला घालून बाहेर पडलो, तसा तो मागोमाग आला. सायकलीचं कुलूप काढत होतो, तेव्हा त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्याचे डोळे भरले होते.

"मास्तर, तुझं काय चुकलं न्हाई. तुला विचारलं, तू सांगितलंस. तुझी जीभ अशीच हाय, आहे तसं बोलणारी, म्हणून तर मी तुला नळी दाखवतो." त्यानं नाक पुसलं. "पण म्हातारी हाय रं ती. एकदा, तिच्यासाठी, खोटं बोलला असतास तर काय झालं असतं?"

मी सायकल काढली. त्याचा हात अजून माझ्या खांद्यावर होता.